चित्र नेमके कुठे घडते?

जानेवारी २०१० मध्ये ऑडिओहॉलिक्स या अमेरिकी ऑनलाइन नियतकालिकाने लेक्सिकॉन कंपनीच्या बीडी-३० या ब्ल्यू-रे प्लेअरचे झाकण उघडले. त्याची किंमत होती साडेतीन हजार डॉलर. आत निघाला ओप्पो डिजिटल या कंपनीचा बीडीपी-८३, जो बाजारात पाचशे डॉलरला मिळत होता. आतला बोर्ड ओप्पोचा, डिस्कचा ट्रे ओप्पोचा, इतकेच काय, ओप्पोचा मूळ पत्र्याचा सांगाडाही न काढता जसाच्या तसा लेक्सिकॉनच्या जाड धातूच्या पेटीत बसवलेला. होम थिएटरच्या दुनियेत मोठा गहजब झाला आणि तो रास्तच होता. पण चर्चा बहुतेक फसवणुकीचीच झाली. त्या प्रकरणातून दिसणारी दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. सातपट किंमत वसूल होईल असे कामच २०१० पर्यंत प्लेअरच्या पोटात फारसे उरले नव्हते. डिस्कवर जे कोरलेले असते, त्याचे पडद्यावर चित्र आणि स्पीकरमध्ये आवाज होईपर्यंत मध्ये बऱ्याच पायऱ्या असतात. या पायऱ्या प्लेअरमध्ये होत्या तोवर प्लेअर निवडणे म्हणजेच चित्र निवडणे होते. त्या एकेक करून टीव्हीकडे आणि स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरकडे सरकल्या. महाग प्लेअर घ्यावा की नाही, या वादाचा सगळा इतिहास म्हणजे या सरकण्याचा इतिहास आहे.

सुरुवात लेझरडिस्कपासून करावी लागते. १५ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेत अटलांटा शहरात एमसीए आणि फिलिप्स यांनी ही ३० सेंटिमीटरची, ग्रामोफोनच्या तबकडीएवढी डिस्क विक्रीला आणली. लेझरने वाचली जाणारी असली तरी तिच्यावरचे चित्र अॅनालॉग होते. शिवाय ते कॉम्पोझिट होते, म्हणजे उजेड-अंधार आणि रंग ही दोन्ही माहिती एकाच संकेतात कालवलेली. पडद्यावर दाखवण्याआधी ती वेगळी करावीच लागे आणि ते काम कॉम्ब फिल्टर नावाचे सर्किट करी. फिल्टर साधा असला की बारीक रेघांच्या कपड्यावर नसलेले इंद्रधनुष्य तरळे आणि रंगांच्या सीमेवर ठिपके सरपटत जात. हा फिल्टर टीव्हीतही असे आणि महागड्या प्लेअरमध्येही. मग जाणकारांमध्ये वाद असा, की ही दोन्ही माहिती वेगवेगळी नेणारी एस-व्हिडिओ केबल प्लेअरला जोडून त्याचा फिल्टर वापरायचा, की साधी पिवळी केबल जोडून ते काम टीव्हीवर सोपवायचे? टीव्हीचा फिल्टर सरस असेल तर प्लेअरवर जादा मोजलेले पैसे त्या एका जोडणीत वाया जात. किंमत आणि चित्र यांची सांगड सुरुवातीलाच सुटली होती ती अशी. तरीही त्या काळात महागड्या यंत्राला अर्थ होता. पायोनियरने १९९०च्या दशकात जपानसाठी काढलेली वरच्या दर्जाची मॉडेल डिस्कवरून येणाऱ्या संकेतातला गोंगाटच कमी करत, आणि अॅनालॉग संकेतात एकदा शिरलेला गोंगाट पुढे कोणालाही धड काढता येत नाही.

डीव्हीडी १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये आणि १९९७ मध्ये अमेरिकेत आली, तेव्हा चित्र डिस्कवरच आकड्यांत आले होते. आता सगळे प्लेअर सारखेच, असे बऱ्याच जणांनी गृहीत धरले. तसे झाले नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, तर अमेरिकी टीव्ही सेकंदाला ६० अर्धी चित्रे मागतो, त्यामुळे प्लेअर चित्रांची वाटणी दोन-तीन-दोन-तीन अशी करी. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे पूर्ण चित्र एकदम दाखवणारे, पडदे आल्यावर हेच अर्धे तुकडे पुन्हा बिनचूक जुळवायचे काम प्लेअरकडे आले. कोणता तुकडा कोणाचा, हे डिस्कवरच्या खुणांवर विसंबून ठरवावे की प्रत्यक्ष चित्र तपासून, यावरून चांगला प्लेअर आणि वाईट प्लेअर ठरत असे. अर्थात इथेही किंमत हा खात्रीचा निकष नव्हता. २००१ मध्ये डॉन मन्सिल आणि स्टेसी स्पिअर्स या जाणकारांनी दाखवून दिले, की अनेक प्लेअरांतला डीकोडर रंगाची माहिती चुकीच्या पद्धतीने वाढवतो. त्यामुळे ठळक लाल वस्तूच्या तिरप्या कडेला आडव्या रेषांचे दाते पडत. चूक चिपमध्ये होती. ती चिप ज्या प्लेअरात, त्या प्लेअरात दाते, मग तो स्वस्त असो की महाग. पेटीचे वजन, सोनेरी जॅक, स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर यांपैकी कशानेही ते जात नव्हते. उलट दिशेचे उदाहरण फरूजा या कंपनीचे. लेझरडिस्कच्या काळात फरूजाची चित्र जुळवणारी वेगळी यंत्रे हजारो डॉलरना विकली जात आणि ती श्रीमंतांच्या प्रोजेक्टरशेजारी असत. त्याच नावाचे तंत्र चिपमध्ये उतरले आणि २००५ मध्ये ओप्पोने ते सुमारे दोनशे डॉलरच्या डीव्हीडी प्लेअरमध्ये घातले.

आवाजाच्या बाबतीत कामे प्लेअरबाहेर जाण्याची ही वाटचाल उशिरा झाली, आणि कारण तांत्रिक नव्हते. १९९९ मध्ये एसएसीडी आणि त्यानंतर डीव्हीडी-ऑडिओ हे सीडीपेक्षा वरचढ प्रकार आले. नक्कल होईल या धास्तीने कंपन्यांनी त्यांचा पूर्ण दर्जाचा आवाज डिजिटल रूपात सहसा प्लेअरबाहेर जाऊ दिला नाही. आकड्यांचा आवाज करण्याचे काम प्लेअरलाच करावे लागे, आणि तो रिसीव्हरकडे सहा वेगवेगळ्या अॅनालॉग केबलींनी जाई. परिणाम असा, की खालचे स्वर सबवूफरकडे वळवणे आणि स्पीकरच्या अंतरानुसार वेळ जुळवणे हीसुद्धा प्लेअरची जबाबदारी झाली. अनेक महागडे प्लेअर हे काम रिसीव्हरपेक्षा कच्चे करत. डेनॉन, मेरिडियन यांच्या जड, देखण्या यंत्रांचा तो सुवर्णकाळ होता आणि त्या यंत्रांच्या किमतीला खरोखर आधार होता, कारण आवाज त्यांच्या आतच तयार होत होता. मग चित्र आणि आवाज एकाच केबलीतून डिजिटल रूपात नेणारे एचडीएमआय आले. २००४ च्या आवृत्तीने डीव्हीडी-ऑडिओला वाट दिली, २००५ च्या आवृत्तीने एसएसीडीला, आणि २००६ च्या आवृत्तीने ब्ल्यू-रेवरचा कोणतीही काटछाट नसलेला डॉल्बी ट्रूएचडी व डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ न उलगडता थेट रिसीव्हरकडे नेण्याची सोय केली. दोन-तीन वर्षांत प्लेअरचे सर्वात खर्चिक काम शेजारच्या खोक्यात गेले.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आकडे सारखे असले तरी ते किती स्थिर लयीत पोचतात याने आवाज बदलतो, म्हणून चांगला प्लेअर एचडीएमआयवरूनही वेगळा वाजतो, असे त्यामागचे म्हणणे. लयीतली ही अस्थिरता, म्हणजे जिटर, ही मोजता येणारी गोष्ट आहे, ती उडवून लावण्यात अर्थ नाही. पण लय सावरण्याचे काम आकड्यांचा आवाज करणाऱ्या यंत्राचे, म्हणजे रिसीव्हरचे असते. तिथे कसूर असेल तर पैसे तिथे घालावेत. याहून बोलका पुरावा खुद्द ओप्पोने दिला. तिचे शेवटचे दोन प्लेअर, यूडीपी-२०३ आणि यूडीपी-२०५, यांची किंमत ५४९ आणि १,२९९ डॉलर होती. दोघांचे चित्र एकच. साडेसातशे डॉलरचा फरक होता तो मुख्यतः २०५ मधल्या, आकड्यांचा आवाज करणाऱ्या उंची ईएसएस चिपचा आणि अॅनालॉग आवाजाच्या सरंजामाचा. ज्याला एचडीएमआयची एकच केबल जोडायची आहे, त्याच्या हाती त्या पैशांतले जवळपास काहीच लागत नव्हते, आणि कंपनीने ते लपवले नव्हते.

आपल्याकडे हा वाद फार थोड्या घरांत झाला. महाराष्ट्रात डिस्क म्हणजे बरीच वर्षे व्हीसीडी. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचे, सिनेमा दोन डिस्कवर, ऐन रंगात आला की उठून दुसरी डिस्क घाला. पुढे मोझर बेअरने चौतीस रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली तेव्हाही गिऱ्हाईक दुकानदाराला एकच प्रश्न विचारी: सगळ्या डिस्क चालतात ना? लायब्ररीतून चरे पडून आलेली डिस्क वाचणे ही त्या बाजारातली खरी कसोटी होती, आणि त्या कसोटीत स्वस्त चिनी प्लेअर नामवंत कंपन्यांना सहज मागे टाकत. प्लेअरकडून डिस्क वाचण्यापलीकडे काही न मागणारा हा गिऱ्हाईक, पाश्चात्त्य शौकिनाच्या काही वर्षे आधीच योग्य निष्कर्षाला पोचला होता, असे म्हणायला हरकत नाही.

गंमत म्हणजे, सगळी कामे बाहेर गेली असे वाटत असतानाच एक काम परत आले. २०१६ मध्ये फोरके ब्ल्यू-रे आला आणि त्याबरोबर एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा वाढीव पल्ला. या डिस्कवरचे चित्र बहुधा १,००० किंवा ४,००० निट (निट हे उजेडाचे एकक) उजेडाचा पडदा समोर धरून तयार केलेले असते. घरातल्या प्रोजेक्टरचा पडदा मात्र शंभर निटच्या आसपास घुटमळतो. मग ढगांतले तपशील जाळायचे की सगळे चित्र काळवंडू द्यायचे? या तडजोडीला टोन मॅपिंग म्हणतात. सुरुवातीचे बरेच प्रोजेक्टर ती वाईट करत. पॅनासॉनिकने डीपी-यूबी८२० आणि डीपी-यूबी९००० या प्लेअरांत ती करून दिली, आणि प्रोजेक्टरवाल्यांसाठी प्लेअर निवडणे हे पुन्हा खरोखर चित्र निवडणे झाले. मात्र किमतीचे गणित इथेही जुनेच. ९००० ची किंमत ८२० च्या दुपटीच्या घरात, तर टोन मॅपिंग दोन्हींत आहे. वरचे पैसे गेले भक्कम बांधणीत आणि अॅनालॉग आवाजात. शिवाय हे कामही फार काळ प्लेअरकडे राहील असे दिसत नाही. जेव्हीसीने २०१९ मध्येच आपल्या प्रोजेक्टरांना प्रत्येक फ्रेमगणिक टोन मॅपिंग करण्याची क्षमता दिली आणि चांगले टीव्ही ते स्वतःच करू लागले.

स्ट्रीमिंगच्या जमान्यात डिस्क तरी कशाला, असा दुसरा आक्षेप आहे. त्याला आकडेच उत्तर देतात. फोरके डिस्क सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत माहिती देऊ शकते, तर नेटफ्लिक्स फोरकेसाठी १५ मेगाबिटचे इंटरनेट पुरेसे मानते. धुके, पाऊस, फिल्मचा दाणा अशा ठिकाणी हा फरक मोठ्या पडद्यावर दिसतो. पण तो फरक डिस्कचा आहे. ती डिस्क सर्वात स्वस्त प्लेअरमध्ये घातली तरी तो दिसतो.

मग वरच्या किमतीच्या प्लेअरकडे आज काय उरते? अॅनालॉग जोडणीचा आवाज, शांत चालणारा ट्रे, एसएसीडी वाचण्याची सोय, आणि टिकाऊपणा. यातला शेवटचा मुद्दा सर्वात वजनदार आहे आणि तोच किमतीतून सर्वात कमी कळतो. काही नव्या डिस्क चालण्यासाठी प्लेअरचे फर्मवेअर वेळोवेळी बदलावे लागते, आणि लेझरचा पिकअप वापराने झिजतो. दोन्हींसाठी पाठीशी कंपनी लागते. ओप्पोने एप्रिल २०१८ मध्ये नवे प्लेअर काढणे थांबवल्याचे जाहीर केले, २०१९ मध्ये सॅमसंगने अमेरिकेतून अंग काढून घेतले, पुढे एलजीनेही हा धंदा आवरला. तरीही वापरलेला यूडीपी-२०५ मूळ किमतीपेक्षा चढ्या भावाने विकला जातो. घेणारा तो चित्रासाठी घेत असेल, तर ते चित्र २०३ मध्येही तेच आहे.