जुन्या संगणकाची शाकारणी

इतिहास म्हटला की आपल्याला राजे, लढाया आणि सनावळ्या आठवतात. यंत्रांचा इतिहास लिहितानाही ही खोड सुटत नाही. शोध कोणी लावला, कोणत्या साली लावला, एवढे सांगून आपण मोकळे होतो. ते यंत्र पुढे कोणी जगवले, त्याच्या पोटातला जीर्ण भाग काढून नवा कोणी बसवला, हे सहसा लिहिले जात नाही. मी पेशाने शाळामास्तर आणि हौसेने कादंबरीकार. थोरांच्या गोष्टीत जो नोकर नुसता कंदील धरून उभा असतो, त्याच्याकडे माझे लक्ष आधी जाते. अशाच एका नोकराची ही हकीकत.

त्याचे नाव कपॅसिटर. घरातला पंखा मंदावला की वायरमन वर पाहून म्हणतो, "कंडेन्सर गेला!" तोच हा. वीज घटकाभर साठवणारा आणि लागेल तशी सोडणारा हा एक लहानसा रांजण. १७४५-४६ च्या सुमारास पोमेरेनियात क्लाइस्ट आणि हॉलंडातल्या लायडन गावी मुशेनब्रुक यांनी काचेच्या भांड्यात वीज साठवली, तेव्हापासून त्याचे कुळ चालत आले आहे.

आता ज्याच्या पोटात तो बसला, त्या धन्याकडे वळू. ब्रिटिश नभोवाणी संस्था बीबीसी हिने जनतेला संगणक-साक्षर करण्याचे मनावर घेतले आणि केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून एक छोटा संगणक करवून घेतला. तोच बीबीसी मायक्रो; तो १९८१ च्या डिसेंबरात बाजारात आला. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे त्याच्या कर्त्यांपैकी प्रमुख. त्याच्या लोकप्रिय नमुन्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. आज फोनवर काढलेले एक साधे छायाचित्रही तीत मावणार नाही. १२,००० यंत्रे खपली तरी पुष्कळ, असा अंदाज होता. खपली १५ लाखांहून अधिक. याच मंडळींनी पुढे एआरएम नावाचा प्रोसेसर घडवला. तो १९८५ साली प्रथम चालला, तेव्हा बीबीसी मायक्रोलाच जोडलेला होता. आपल्या खिशातल्या फोनचे घराणे तिथून सुरू होते.

आपल्याकडेही हे यंत्र आले. १९८४-८५ मध्ये भारत सरकारने 'क्लास' ही शालेय संगणक-योजना आरंभली आणि निवडक शाळांतून बीबीसी मायक्रो ठेवले. देशातल्या कितीएक मुलांनी संगणकाच्या कळीला पहिले बोट लावले ते याच यंत्रावर.

आज हे यंत्र चाळिशी ओलांडून गेले आहे. नवल असे की त्याचा मेंदू, म्हणजे आतल्या चिपा, बहुधा शाबूत असतात. दगा देतात ते हे रांजण. वीजपुरवठ्याच्या पेटीत, यंत्राचा विद्युत-गोंगाट बाहेरच्या तारांत जाऊ नये म्हणून, कागदी कपॅसिटर बसवलेले असतात. कागद निवडला तो विचारपूर्वक. ठिणगीने भोक पडलेच तर भोवतालचा धातूचा पातळ लेप उडून जातो आणि जखम आपोआप भरते. परंतु वर्षे लोटली की वरचे पारदर्शक कवच तडकते, हवेतला दमटपणा कागदात शिरतो, आणि बऱ्याच काळाने कोणी हौसेने बटण दाबले की काही वेळाने कोंदट धुराचा लोट निघतो. गंमत म्हणजे धूर निघत असतानाही यंत्र कित्येकदा चालूच असते.

दुसरी जात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये रसायनाने भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. रसायन सावकाश सुकते, किंवा पाझरून तांब्याच्या रेषा खाते. उष्णता दर १० अंशांनी वाढली की त्याचे आयुष्य अदमासे निम्मे होते. नुसते पडून राहणेही त्याला मानवत नाही. आतला ऑक्साइडचा थर विरत जातो.

उपाय सोपा, पण हात सावध हवा. प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर भरलेले असू शकतात. आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर त्यांत सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. ते योग्य रोधातून रिते करून, रिते झाल्याची मीटरने खात्री करून मगच हात घालायचा. जुने सोल्डर वितळवून भाग सोडवायचा. नवा तेवढ्याच धारणेचा आणि निदान तेवढेच व्होल्ट सोसणारा घ्यायचा. इलेक्ट्रोलिटिक असेल तर धन-ऋण बाजू पाहून बसवायचा. कागदी भागाच्या जागी आता प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचा, मेन्स विजेसाठीच बनवलेला भाग मिळतो. खर्च थोड्या रुपयांचा.

येथे इतिहासप्रेमी विचारतात, भाग बदलला तर यंत्र अस्सल कसे राहिले? आक्षेप पोकळ नाही. जुना भागही पुरावाच असतो. त्यावर कोणत्या साली तो घडला याची खूण असते. म्हणून काढलेला भाग जपून ठेवावा आणि काय बदलले ते लिहून ठेवावे. पण कोकणातल्या घराचे पाहा. दर पावसाळ्यापूर्वी शाकारणी होते, फुटकी कौले जाऊन नवी येतात, तरी घर आजोबांचेच राहते. शाकारणी थांबली की दोन-चार पावसांत भिंती खचतात, आणि मग अस्सलपणा मिरवायला जोतेच तेवढे उरते. चालण्यासाठी घडलेले यंत्र बंद पडून अस्सल राहिले, तर त्याच्या इतिहासातले निम्मे पान कोरेच राहणार.

इंग्लंडात ब्लेचली पार्क येथील संग्रहालयात आजही मुले चालत्या बीबीसी मायक्रोवर बसतात. आपल्याकडे अशा यंत्रांची शेवटची नोंद बहुधा डेडस्टॉक रजिस्टरात, 'निर्लेखित' या एका शब्दात होते. एका पिढीने पहिल्यांदा काय शिकले याचा पुरावा भंगाराच्या भावाने जातो, याची खंत मला मास्तर म्हणून वाटते.

तेव्हा, वाचकहो, तुमच्या शाळेच्या अडगळीत असा एखादा पिवळट पडलेला संगणक दिसला, तर दोन गोष्टी करा. तो भंगारात देऊ नका. आणि उत्साहाच्या भरात प्लगही लावू नका. आधी जाणत्या माणसाकडून त्याची शाकारणी करून घ्या.