दक्षिणेसाठी उत्तरेकडे

कामानिमित्त परगावी जाणाऱ्या मंडळींमध्ये हल्ली एक रिवाज पडून गेला आहे. परिषद तीन दिवसांची असली, तर परतीचे तिकीट पाचव्या दिवसाचे काढायचे. मधले दोन दिवस कोणाचे, हे कचेरीला ठाऊक असते, घरच्यांनाही ठाऊक असते, आणि कोणी काही बोलत नाही. काम दिल्लीस निघाले, की लाल किल्ला, कुतुबमिनार आणि जमल्यास आग्र्याचा ताजमहाल, एवढे त्या दोन दिवसांत बसवायचे. लोक या रिवाजाला आजच्या काळाची चैन समजतात. मला मात्र तो फार जुना वाटतो. एवढेच, की पूर्वी त्या दोन दिवसांना पुण्याचे नाव होते. कामाला निघालेला माणूस वाटेतली तीर्थे करून येई आणि तीर्थांबरोबर त्यांच्या भोवतालची शहरेही पाहून घेई. अशाच एका कामाच्या प्रवासाची हकीकत आज सांगतो. तिचा नायक वरसईचा भिक्षुक आहे, त्याचे नाव विष्णुभट गोडसे.

त्यांचा 'माझा प्रवास' पुष्कळ घरांतून वाचला जातो, पण बहुतेक जण तो झाशीच्या राणीसाठी वाचतात. ते योग्यच आहे. मला त्यातला आरंभीचा बेतही तितकाच रंजक वाटतो. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या विधवा. त्या वेळी त्यांनी सत्तरी ओलांडली होती. त्या मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार आणि त्यात सात-आठ लाख रुपये खर्चणार, अशी वार्ता १८५७ च्या आरंभी दक्षिणेत पसरली. सर्वतोमुख म्हणजे चारी दिशांना तोंड असलेला यज्ञ. त्याला चारी बाजूंचे ऋत्विज हवेत, आणि ऋत्विज आले की शास्त्री, वैदिक, आश्रित, स्वयंपाकी सगळेच आले. देशोदेशीचे जाणकार एके ठिकाणी जमणार, आपली विद्या दाखवणार, ओळखी करून घेणार आणि मानधन घेऊन परतणार. अशा मेळाव्याला आज आपण परिषदच म्हटले असते.

विष्णुभटांचे वय तेव्हा तिशीच्या आसपास होते. घरची गरिबी होती, डोक्यावर कर्ज होते. पेणजवळच्या त्या लहान गावात भिक्षुकीवर पोट भरे, पण कर्ज फिटत नसे. या वार्तेने त्यांच्या मनात हिशेब सुरू झाला, यात नवल नाही. अडचण होती ती घरच्यांच्या परवानगीची. हिंदुस्थान (उत्तरेला तेव्हा आपल्याकडे असेच म्हणत) हा मुलूख कोकणातल्या आईबापांना भयाचा वाटे. तिकडचे लोक भांग पितात, तिकडच्या बायका मायावी असतात, गेलेला मुलगा परत येतो की नाही कोण जाणे, असे त्या काळचे समज. अखेरीस रामभट काका बरोबर निघाले, तेव्हा परवानगी मिळाली. बेतात दोन गोष्टी होत्या: दक्षिणा मिळवायची आणि जमल्यास काशीयात्रा करून यायची. पहिलीवाचून दुसरीला पैसा नव्हता, आणि मला वाटते, दुसरीवाचून पहिलीला घरचा आशीर्वाद मिळाला नसता. आजच्या परिषदवाल्यांनाही हे गणित परके वाटू नये.

प्रवास पायी होता. आगगाडी मुंबईहून ठाण्याला १८५३ साली गेली आणि १८५६ साली खोपोलीपर्यंत पोचली होती. म्हणजे घाटाच्या पायथ्याशी येऊन ती थांबली होती. उत्तरेकडे जाणाऱ्याला तिचा काडीचा उपयोग नव्हता. पुणे ते झाशी तीनशे कोसांच्या वर भरते. पुणे, नगर, पुढे सातपुडा, असे चालत चुलते-पुतणे माळव्याकडे निघाले. अंगावर वस्त्रे, कमरेला कसा आणि तोंडात वेद, एवढेच भांडवल.

महूजवळ त्यांना पलटणीतले शिपाई भेटले. काडतुसांची हकीकत त्यांनी यांना सांगितली आणि थोड्याच दिवसांत फौजा उठणार आहेत, अशी सूचना दिली. मीरतची ठिणगी १० मे १८५७ ला पडली, महूची पलटण १ जुलैला उठली. काका-पुतण्यांनी मागे फिरायचे की पुढे जायचे, याचा विचार केला आणि ते पुढे गेले. याला कोणी शौर्य म्हणेल, कोणी वेडेपणा. मला दोन्ही पटत नाही. मागे कर्ज होते आणि पुढे दक्षिणा होती. इतिहास घडतो आहे हे कळले, तरी गरीब माणसाला सावकाराचीच तारीख आधी आठवते.

माळव्यात उज्जैन आणि धार केली. कोठे दक्षिणा मिळाली, कोठे नुसते आदरातिथ्य झाले. मग ग्वाल्हेर. ज्या मथुरेसाठी घर सोडले, तेथला यज्ञ मात्र त्यांच्या वाट्याला आला नाही. देशभर आग लागली असताना समिधा कोण गोळा करणार? म्हणजे मूळ कामच बुडाले. उरले ते फावल्या वेळाचे शहर, आणि ते शहर निघाले झाशी.

त्या वेळी झाशीत राणी लक्ष्मीबाईंचा अंमल होता. जून १८५७ पासून एप्रिल १८५८ पर्यंत, असा तो जेमतेम दहा महिन्यांचा. विष्णुभटांनी हे शहर सवडीने पाहिले, अगदी परगावचा पाहुणा पाहतो तसे. महालक्ष्मीचे देऊळ, तलाव, किल्ला, वाडा, पेठा, लोकांचे खाणेपिणे, बायकांचे नेसणे आणि रूपसुद्धा. भिक्षुकाला शोभेल की नाही, याची फिकीर त्यांनी केलेली दिसत नाही. राणीची दिनचर्या त्यांनी टिपली: व्यायाम, घोड्याची रपेट, पूजा, दरबार, कधी पुरुषी पोशाख. दक्षिण्यांचे हे लहानसे राज्य बुंदेलखंडात कसे नांदत होते, हे त्या पानांतून डोळ्यांसमोर उभे राहते. ग्रंथसंग्रहाचा उल्लेख करताना तर या वैदिकाचा हात थोडा थरथरला असावा, असे मला नेहमी वाटते. पिढ्यांनी जमवलेल्या पोथ्या त्या वाड्यात होत्या.

२१ मार्च १८५८ रोजी सर ह्यू रोज झाशीपुढे येऊन ठाकला. चैत्र नुकताच लागला होता. मग तोफा सुरू झाल्या. मदतीला आलेल्या तात्या टोप्यांचा १ एप्रिलला बेटवेवर मोड झाला, ३ तारखेला इंग्रज तटावरून आत शिरले आणि ४ च्या रात्री राणी किल्ल्यातून निघून गेली. हे सगळे शाळेच्या पुस्तकात असते. पुस्तकात नसते ते पुढचे काही दिवस. काका-पुतणे शहरातच लपून होते. रस्त्यांवर कत्तल चालली होती, हलवाईपुरा जळत होता. लूटसुद्धा पाळीपाळीने झाली. आधी सोने-नाणे, मग भांडी, मग कापडचोपड, असे शहर सोलून काढले गेले. वाड्यातला ग्रंथसंग्रह उद्ध्वस्त झाला. महिनोन्‌महिने जमवलेली दक्षिणा या दोघांच्या हातून गेली ती याच लुटीत. जीव तेवढा राहिला.

ज्या शहराचे वर्णन त्यांनी केले, ते शहर त्या आठवड्यानंतर उरले नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी झाशीवर पुष्कळ लिहिले, पण त्यांनी ती तटाबाहेरून पाहिली, तोफेच्या टप्प्यात किती येते हे मोजत. वेढ्याआधीची झाशी, मिठाईच्या दुकानांसह आणि हळदीकुंकवासह, आतून पाहून मराठीत लिहून ठेवणारा माणूस कोण, तर तेथे राज्यकारभाराशी काही संबंध नसलेला एक पाहुणा. राणीच्या पदरी असता, तर त्याने दरबाराचेच लिहिले असते. यज्ञ पार पडला असता, तर दक्षिणेची यादी लिहून तो घरी गेला असता.

झाशीहून निघाल्यावर काळपीच्या वाटेवर एका विहिरीशी राणीची आणि त्यांची गाठ पडली. राणी तहानेने व्याकूळ होती. विष्णुभट पाणी शेंदू लागले, तेव्हा विद्वान ब्राह्मणाकडून आपण पाणी काढवून घेणार नाही, असे सांगून तिने मडके हाती घेतले. आपण अर्धा शेर तांदळाची धनीण, इतक्याच अपेक्षेची विधवा, हे सगळे धर्मासाठी केले, अशा अर्थाचे ती काही बोलली. पुढे १८५८ च्या जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ ती पडली. हा प्रसंग कित्येक नाटककारांनी घेतला आणि सजवला. मूळ मजकुरात त्याला सजावट नाही. दोन दमलेली माणसे, एक विहीर, एक मडके.

त्यांचे सगळेच खरे मानावे, असे मात्र मी म्हणणार नाही. ऐकीव गोष्टी त्यांनी भाबडेपणाने उतरून घेतल्या आहेत. इंग्रजांनी कलकत्त्यास राजेरजवाड्यांची सभा भरवून धर्म बुडवणारी चौऱ्याऐंशी कलमे पुढे ठेवली, असे ते सांगतात. अशी सभा कधी भरली नव्हती. तरीही ती गोष्ट माझ्या लेखी टाकाऊ नाही, कारण रस्त्यावरची माणसे त्या वर्षी काय खरे मानत होती, ते तिच्यातून कळते. शिवाय हे सारे लिहिले गेले ते जवळजवळ पंचवीस वर्षांनी, आठवणीतून. भारताचार्य चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहाने ते लिहिले गेले, आणि सरकारची भीती असल्याने बरीच वर्षे पडून राहिले. वैद्यांनी १९०७ साली ते छापले, पण भाषा सारखी करून आणि काही मजकूर गाळून. मूळ बाडाप्रमाणे पुस्तक वाचायला मिळाले ते दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढलेल्या आवृत्तीत. ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे, त्यांनी ही दुसरी अवश्य मिळवावी. विष्णुभटांचा खरा आवाज, थोडा ओबडधोबड, थोडा खट्याळ, तिच्यात ऐकू येतो.

झाशीनंतरही दोघांनी तीर्थे सोडली नाहीत. ब्रह्मावर्त, अयोध्या, काशी. खिसा रिकामा, वाटेत पुन्हापुन्हा लुटालूट, तरी बेतातली दुसरी गोष्ट त्यांनी पुरी केली. घर सोडल्याला दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. आईबापांना यांची आशा राहिली नसावी. विष्णुभट वरसईला आले ते कर्ज फेडण्याइतका पैसा घेऊन नव्हे. त्यांच्या खांद्यावर गंगाजळाची कावड होती. शेकडो कोस ती त्यांनी जमिनीला न टेकवता आणली असेल, निदान मला तसे वाटते. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. सावकाराचे पुढे काय झाले, ते पुस्तकात शोधू नये.