पाटी, फलक आणि नगराचा नियम

चेन्नई शहराच्या नुंगंबाक्कम भागात, हवामान खात्याच्या प्रादेशिक केंद्राच्या आवारात, ग्रॅनाइटचा एक खांब जपून ठेवलेला आहे. १७९२ साली ईस्ट इंडिया कंपनीने येथे वेधशाळा बांधली, तेव्हा वेधाचे यंत्र बसविण्यासाठी हा खांब उभारण्यात आला. वेधशाळेचा वास्तुकार मायकेल टॉपिंग याचे नाव त्यावर कोरलेले आहे. परंतु आपल्या आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. त्या एका खांबावरील लेख लॅटिन, तमिळ, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत आहे. ज्याने तो कोरविला त्याला एवढे नक्की ठाऊक होते की, लेख हा लिहिणाऱ्यासाठी नसून वाचणाऱ्यासाठी असतो. आणि वाचणारा कोणत्या भाषेचा असेल, हे काही लिहिणाऱ्याच्या हाती नसते.

नुंगंबाक्कम हे त्या वेळी मद्रासच्या कोटाबाहेरचे एक खेडे होते. खेडे म्हटले तरी त्याचे नाव फार जुने. अकराव्या शतकातील राजेंद्र चोळाच्या तिरुवालंगाडू येथील ताम्रपटात त्याचा उल्लेख येतो. १७०८ साली कर्नाटकच्या नबाबाकडून कंपनीला जी पाच गावे मिळाली, त्यांत हे एक होते. पुढे साहेबांचे बंगले झाले, बंगल्यांच्या बागा गेल्या, रस्ते आले, रस्त्यांच्या कडेला दुकाने आली. आणि दुकानांबरोबर पाट्या आल्या. भारतातील कोणत्याही जुन्या वस्तीचा हाच क्रम आहे. पाटी ही नगरजीवनाची खूण आहे. खेड्यात वाण्याच्या दुकानाला पाटी लागत नाही, कारण वाणी सर्वांना ठाऊक असतो. जेथे अनोळखी माणूस अनोळखी माणसाकडून माल घेतो, तेथे पाटीवाचून चालत नाही.

परंतु या पाटीचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. ती टांगलेली असते खासगी भिंतीवर. तिचे तोंड मात्र असते सार्वजनिक रस्त्याकडे. भिंत माझी, खिळा माझा, रंग माझा, हे सर्व खरे. पण ती ज्यांनी वाचावी अशी माझी इच्छा आहे ते डोळे माझे नाहीत, आणि ती पडली तर जे डोके फुटेल तेही माझे नसते. घरातील तसबिरीविषयी जगातील कोणत्याही नगरपालिकेने नियम केलेला नाही. पाटीविषयी मात्र केला, तो याच कारणाने.

हा नियम प्रथम कसा जन्मास आला, हे पाहण्यासारखे आहे. अठराव्या शतकातील लंडनमध्ये दुकानांच्या पाट्या लोखंडी दांड्यांवर रस्त्यात पुढे लोंबत असत. लोकांना लिहितावाचता येत नसल्यामुळे त्यांवर अक्षरांऐवजी चित्रे असत. आणि शेजाऱ्याच्या पाटीपेक्षा आपली पाटी मोठी व पुढे असावी, या ईर्ष्येने त्यांचा आकार वाढतच गेला. १७१८ साली फ्लीट स्ट्रीटजवळच्या ब्राइड लेनमध्ये अशी एक अवजड पाटी घराच्या दर्शनी भिंतीसकट खाली आली आणि चार माणसे ठार झाली. तरीही नियम व्हावयास आणखी चाळीसएक वर्षे जावी लागली. पॅरिसमध्ये १७६१ साली आणि लंडनमध्ये १७६२ पासून, लोंबत्या पाट्या काढून त्या भिंतीला चपट्या बसवाव्यात असे हुकूम निघाले. श्रोत्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावा: आधी चढाओढ, मग अपघात, मग दीर्घ स्वस्थता, आणि शेवटी कायदा. पुढील तीनशे वर्षांत तो फारसा बदललेला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाटी भिंत सोडून छपरावर चढली. इमारतीच्या माथ्यावर सांगाडा उभारून, आकाशाच्या पार्श्वभूमीवर अक्षरे दिसावीत अशी ती योजना होती. लंडनने १८९१ मध्ये या आकाशपाट्यांसाठी स्वतंत्र कायदाच केला. आपल्याकडे मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमात कलम ३२८ आणि ३२८अ या विषयाला वाहिलेले आहे. आयुक्तांच्या लेखी परवानगीवाचून आकाशपाटी अथवा जाहिरातीचा फलक उभारता येणार नाही, हे त्यांचे सार. ‘आकाश’ हा शब्द नगरपालिकेच्या कायद्यात यावा, ही गोष्ट गमतीची वाटते खरी. पण आकाशही सर्वांचे असते, असेच त्या कलमाने एका परीने मान्य केले आहे.

मद्रासची गोष्ट याहून वेगळ्या वाटेने गेली. येथील नगरपालिका भारतातील सर्वांत जुनी. १६८७ च्या सनदेने ती निर्माण झाली आणि २९ सप्टेंबर १६८८ रोजी नेथॅनिएल हिगिन्सन हा तिचा पहिला महापौर झाला. आधुनिक काळात तिचा कारभार १९१९ च्या अधिनियमाने चालला. १९५९ साली सार्वजनिक दृष्टीस पडणाऱ्या मोकळ्या जागा विद्रूप करण्यास आळा घालणारा एक स्वतंत्र कायदाही मद्रास राज्याने केला. म्हणजे कायद्याची उणीव नव्हती. उणीव कशाची होती, ते नुंगंबाक्कमच्या वेशीवरच दिसत होते.

एस. एस. वासन यांचा जेमिनी स्टुडिओ याच भागाच्या टोकाला, माउंट रोडच्या वळणावर होता. पुढे स्टुडिओ गेला, पण नाव राहिले. १९७३ साली त्या चौकात जो उड्डाणपूल झाला, त्याला सरकारदरबारी अण्णा उड्डाणपूल म्हणतात. लोक मात्र त्याला जेमिनीचा पूलच म्हणत आले. या पुलाच्या आसमंतात चित्रपटांचे फलक उभे राहिले. हाताने रंगविलेले, दोन-तीन मजले उंचीचे नायक आणि नायिका. प्लायवूडमधून कापून काढलेली माणसाची भव्य आकृती, जिला तेथे ‘कटआउट’ म्हणतात, ही मद्रासची खास कला होय. चित्रपट आणि राजकारण या दोन क्षेत्रांची या राज्यात एवढी जवळीक, की नटाची आकृती आणि नेत्याची आकृती एकाच कारागिराच्या कुंचल्यातून उतरत असे. या कारागिरांच्या हातात खरे कसब होते, हे नाकारता येणार नाही. आणि छापील विनाइल आल्यावर ते कसब हळूहळू लोपले, याची हळहळही वाटते. पण आकृती कितीही सुंदर असली तरी तिच्या पाठीमागचा बांबूचा अथवा लोखंडाचा सांगाडा वाऱ्याला तोंड देणारा असावा लागतो; आणि बंगालच्या उपसागरावरून येणारे वादळ चित्राच्या सौंदर्याकडे पाहत नाही.

अखेर शासनाने १९१९ च्या अधिनियमात होर्डिंगसाठी स्वतंत्र कलमे घातली आणि २००३ साली परवाने व जाहिरात कर यांविषयी सविस्तर नियम केले. शाळा, रुग्णालये, प्रार्थनास्थळे यांच्यासमोर, तसेच ऐतिहासिक अथवा सौंदर्यदृष्ट्या महत्त्वाच्या जागी फलकांना मज्जाव करण्यात आला. वाहन चालविणाऱ्याचे लक्ष विचलित करणारा, वाहतुकीला धोकादायक फलक तर निषिद्धच ठरला. जाहिरात व्यावसायिक न्यायालयात गेले. आमची जागा खासगी, आमचा धंदा कायदेशीर, आणि आमचे बोलणे हे घटनेने दिलेले स्वातंत्र्य, असा त्यांचा युक्तिवाद होता. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला आणि नियम वैध ठरविले. जागा खासगी असली तरी फलक रस्त्यावरून दिसण्यासाठीच उभारलेला असतो. म्हणून रस्त्याच्या सुरक्षिततेसाठी त्याचे नियमन करण्याचा अधिकार शासनाला आहे, हा त्या निर्णयाचा आशय. त्यानंतर शहरातील अनेक मोठे फलक उतरविण्यात आले, आणि वर्षानुवर्षे फलकांआड दडलेल्या इमारती व झाडे लोकांना पुन्हा दिसू लागली.

येथे कराविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, राज्यांच्या यादीतील ५५ व्या नोंदीने जाहिरातींवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांना दिला होता. वृत्तपत्रांतील जाहिराती त्यातून प्रथमपासून वगळलेल्या होत्या; १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आकाशवाणी व दूरचित्रवाणीवरील जाहिरातीही वगळण्यात आल्या. २०१६ च्या एकशेएकाव्या दुरुस्तीने ती नोंदच गेली, कारण वस्तू व सेवा कर यावयाचा होता. तेव्हापासून नगरपालिकांच्या हाती उरले ते परवाना शुल्क आणि स्वतःच्या जागेचे भाडे. कर आणि शुल्क यांत भेद आहे. कर हा केवळ उत्पन्नासाठी घेता येतो. परवान्याच्या शुल्कामागे मात्र तपासणीचे कर्तव्य उभे असते. फलकाचे शुल्क घेणाऱ्या कार्यालयाने त्या फलकाचा पाया पाहिला पाहिजे, हा त्याचा सरळ अर्थ. परवान्याच्या नस्तीत पैसे भरल्याची पावती सर्वांत वर असते आणि अभियंत्याचा दाखला सर्वांत खाली असतो, हे सरकारी सेवेतील कोणाही माणसाला सांगावे लागत नाही.

आता भाषेचा प्रश्न. तमिळनाडूच्या दुकाने व आस्थापनांविषयीच्या १९४८ च्या नियमांतील पंधराव्या नियमानुसार दुकानाची पाटी तमिळमध्ये असली पाहिजे. अन्य भाषा वापरल्या तरी तमिळला प्राधान्य हवे. जागेची वाटणी कशी असावी, याचे प्रमाणही ठरविण्यात आले: तमिळला पाच भाग, इंग्रजीला तीन, इतर भाषेला दोन. महाराष्ट्रात हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला गेला. २०२२ च्या दुरुस्तीने लहानमोठ्या सर्व दुकानांना देवनागरी लिपीतील मराठी पाटी आवश्यक झाली, आणि मराठी अक्षरांचा आकार इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नये, असे ठरले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. एका राज्याने प्रमाण ठरविले, दुसऱ्याने किमान मर्यादा. पण मागचा विचार एकच आहे. ज्या मातीत धंदा करावयाचा, तेथील सामान्य माणसाला दुकानाचे नाव त्याच्या भाषेत वाचता आले पाहिजे.

मराठी माणसाने या बाबतीत थोडा विचार करावा असे मला वाटते. दादरच्या दुकानावर मराठी पाटी हवी असा आग्रह धरणाऱ्याने नुंगंबाक्कममध्ये दुकान थाटताना तमिळ पाटी आनंदानेच लावली पाहिजे; दोन्ही आग्रह एकाच न्यायाचे आहेत. आणि या भूमीचे आपल्यावर एक जुने ऋणही आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली, सरफोजी राजांच्या काळात, भोसले वंशाचा दीर्घ इतिहास मराठीत कोरण्यात आला. तमिळ शिलालेखांनी भरलेल्या त्या मंदिराने मराठी अक्षरांनाही आपल्या भिंतीवर जागा दिली, आणि दोनशे वर्षे ती सांभाळली.

मात्र भाषा आणि सौंदर्य यांच्याही आधी प्राणांचा प्रश्न येतो. सप्टेंबर २०१९ मध्ये चेन्नईच्या पळ्ळिकरणै भागात, विवाहसमारंभासाठी विनापरवाना लावलेला एक फलक दुचाकीवरून जाणाऱ्या तेवीस वर्षांच्या अभियंता तरुणीवर पडला. ती रस्त्यावर कोसळली आणि मागून येणाऱ्या पाण्याच्या टँकरखाली सापडून मृत्यू पावली. त्याच्या आदल्या वर्षी, ५ ऑक्टोबर २०१८ रोजी, पुण्यात जुन्या बाजाराजवळ फलकाचा सांगाडा काढत असताना तो रहदारीवर कोसळून चार जण दगावले. आणि १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगर भागात, वादळी वाऱ्यात, एक अवाढव्य फलक पेट्रोल पंपावर पडून सतरा माणसे गेली. महापालिकेची कमाल मर्यादा चाळीस फूट रुंद व चाळीस फूट उंच अशी होती. हा फलक तिच्या कितीतरी पट मोठा होता. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातील, म्हणून परवानगी कोणाची, हा वाद घटनेनंतर रंगला. वाऱ्याने अर्थातच या वादाच्या निकालाची वाट पाहिली नव्हती.

या तिन्ही ठिकाणी नियम अस्तित्वात होते. ब्राइड लेनच्या रहिवाशांना १७१८ साली निदान एवढे तरी म्हणता आले असते की, आमच्याकडे कायदाच नव्हता. आपल्याला ती सबब उरलेली नाही. तमिळनाडूने २०२३ मध्ये १९१९ चा जुना अधिनियम बाजूस सारून सर्व नगरांसाठी एकच नवा कायदा व नवे नियम अमलात आणले. महाराष्ट्रातही घाटकोपरनंतर नियमांची नव्याने चर्चा झाली. नवे नियम चांगलेच आहेत. पण फलकाखाली उभ्या असलेल्या माणसाला कलमांची संख्या उपयोगी पडत नाही. त्याला उपयोगी पडतो तो कनिष्ठ अभियंता, जो पावसाळ्यापूर्वी सांगाड्याचे बोल्ट स्वतः पाहून येतो. तो लिपिक, जो मुदत संपलेल्या परवान्याची नस्ती पुढे सरकवतो. आणि तो नागरिक, जो आपल्या पुतण्याच्या लग्नाचा फलक चौकात लावण्यापूर्वी क्षणभर विचार करतो.

ब्राउन अथवा कृष्णवर्ण, श्रीमंत अथवा गरीब, रस्त्याने जाणारा प्रत्येकजण त्या रस्त्याचा सारखाच धनी असतो. आपले नाव त्याला दिसावे, असे ज्या कोणाला वाटते, त्याने त्या नावाचे ओझे आधी स्वतःच्या भिंतीला पेलते की नाही हे पाहावे. नगराचा नियम याहून अधिक काही मागत नाही; आणि याहून कमी मागणे त्याला परवडणारे नाही.