अँग्लो-सॅक्सन रौप्यनाणी

इंग्लंडमध्ये सातव्या शतकाच्या अखेरीपासून १०६६ च्या नॉर्मन विजयापर्यंत प्रचारात असलेली चांदीची नाणी. आरंभीची नाणी लहान व जाड असून त्यांवर राजाचे नाव क्वचितच आढळते. मर्सियाचा राजा ऑफा (कार. ७५७–९६) याच्या काळात पातळ व रुंद पेनी रूढ झाली. २४० पेनींचा एक पौंड हे प्रमाण ब्रिटनमध्ये १९७१ पर्यंत टिकले.

एडगर राजाने सु. ९७३ मध्ये सर्व टाकसाळींना एकच नमुना लावून दिला : दर्शनी बाजूस राजाची प्रतिमा व नाव, मागे क्रूस, नाणे पाडणाऱ्याचे नाव व टाकसाळीचे गाव. पुढे हा छाप काही वर्षांनी बदलण्यात येई. प्रजेला जुनी नाणी देऊन नवी घ्यावी लागत व त्या अदलाबदलीत राजाला उत्पन्न मिळे. करवसुलीच्या या युक्तीमुळेच आज एखादी पेनी कोणी, कोठे व साधारण केव्हा पाडली, हे सांगता येते. सुटे नाणे हवे असल्यास पेनीचे क्रुसाच्या रेषेवर दोन वा चार तुकडे करीत.

दुसरा एथेलरेड (कार. ९७८–१०१३ व १०१४–१६) याने व्हायकिंगांना मोठ्या खंडण्या दिल्या. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या बखरीनुसार ९९१ मध्ये १०,००० व १०१२ मध्ये ४८,००० पौंड देण्यात आले. त्याची नाणी इंग्लंडपेक्षा स्कँडिनेव्हियात अधिक सापडतात. ती सर्वच खंडणीची होती, असे मात्र नव्हे. व्यापार व भाडोत्री सैनिकांचे वेतन यांतूनही चांदी तिकडे गेली.

ही नाणी जमविण्याचा छंद जुना आहे. सर रॉबर्ट कॉटन (१५७१–१६३१) याचा संग्रह पुढे ब्रिटिश म्यूझीयममध्ये गेला. लँकाशरमधील क्यूरडेल येथे १८४० मध्ये ७,००० हून अधिक नाण्यांचा ठेवा मिळाला. सुटे नाणे संग्राहकास मोलाचे असले, तरी इतिहासाच्या दृष्टीने ठेव्यातील त्याचे स्थान अधिक मोलाचे असते. मर्सियाच्या दुसऱ्या चेओलवुल्फ राजास उपर्युक्त बखर मूर्ख व व्हायकिंगांचा हस्तक ठरविते. ऑक्सफर्डशरमधील वॉटलिंग्टन येथे २०१५ मध्ये सापडलेल्या ठेव्यात मात्र त्याची व वेसेक्सच्या ॲल्फ्रेडची एकाच छापाची नाणी एकत्र मिळाली. दोघे काही काळ बरोबरीचे मित्र असावेत आणि ही मैत्री ॲल्फ्रेडच्या पक्षाने पुढे विस्मृतीत लोटली असावी, असे अनुमान त्यावरून निघते.

१९९६ च्या कायद्यानुसार असा ठेवा सापडल्याचे कळविणे बंधनकारक आहे. २०१५ मध्येच हेरफर्डशरमध्ये सापडलेला त्याच काळातील ठेवा शोधकांनी लपवून विकावयास काढला. त्यांना २०१९ मध्ये कारावासाची शिक्षा झाली, पण सु. ३०० नाण्यांपैकी तोवर जेमतेम ३० हाती आली होती.