जुन्नर परिसरातील राजबंदींचे दुर्ग

'तुरुंग' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. 'कैद' हा मूळचा अरबी, फारसीच्या द्वारे आलेला. निजामशाहीत मात्र ज्या बंदिवानांस सर्वाधिक धोक्याचे मानीत, त्यांच्याकरिता निराळे कारागृह बांधण्याची गरज नव्हती. नाणेघाटाच्या वाटेवरील चावंड व जीवधन या गडांचे ताशीव कडे हीच त्यांची भिंत होय. हे बंदिवान गुन्हेगार नव्हते. राजवंशात जन्म घेणे एवढाच त्यांचा अपराध. मोकळे सोडल्यास प्रतिस्पर्धी सरदार त्यांस गादीवर बसवितील, अशी भीती असे. आणि प्रसंगी आपल्यालाही त्यांचाच उपयोग होईल, म्हणून जिवंत राखणेही सोयीचे असे.

इ. स. १५९५ मध्ये इब्राहीम निजामशहा विजापूरकरांशी लढताना पडला. त्याचा तान्हा पुत्र बहादुर यास मियान मंजूने चावंडावर अटकेत ठेविले व दुसऱ्याच एका मुलास गादी दिली. हबशी सरदार इख्लासखान याने बहादुराची मागणी केली. परंतु मियान मंजूच्या हुकमावाचून राजपुत्र देण्यास किल्लेदाराने नकार दिला, असे समकालीन इतिहासकार फिरिश्ता सांगतो. तेव्हा इख्लासखानाने त्याच वयाचे एक अज्ञात कुळातील मूल राजवंशीय म्हणून पुढे केले. या यादवीत मियान मंजूने मोगलांस पाचारण केले. चांदबिबीने अहमदनगर राखले. १५९६ च्या तहात वऱ्हाड गेले, आणि बहादुर चावंडावरून सुटून गादीवर आला. १६०० साली अहमदनगर पडताच तो पुन्हा बंदी झाला. या वेळी मोगलांच्या ग्वाल्हेर दुर्गात.

१६३३ साली दौलताबाद पडून हुसेन निजामशहाही ग्वाल्हेरीस गेला. तेव्हा शहाजीराजांनी जीवधनावर कैदेत असलेल्या मूर्तजा या बालकास सोडवून पेमगिरीवर त्याच्या नावाने राज्य चालविले. १६३६ मध्ये माहुली येथे शरण जाताना त्यांस तो मोगलांच्या स्वाधीन करावा लागला.

या दोन्ही प्रसंगी कडा अभेद्यच राहिला. बंदिवान आत राहणार की बाहेर येणार, हे किल्ला कोणाच्या हुकमात आहे यावर ठरले. गडाची खरी बळकटी कड्यात नसून किल्लेदाराच्या निष्ठेत होती. आणि त्या बालकांच्या बाबतीत, बंदिवास व राज्याभिषेक या दोहोंचाही निर्णय इतरांनीच केला.