मूठभर पीठ, दोन घागरी पाणी आणि शाळेचा हक्क

आमच्या शाळेत दर महिन्याला शाळा व्यवस्थापन समितीची सभा भरते. हिंगोली जिल्ह्यातली ही उर्दू माध्यमाची शाळा. मी तिथे मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो. पालकांमध्ये हमाल आहेत, गवंडी आहेत, ऑटो चालवणारे आहेत, हातगाडीवर फळे विकणारे आहेत. हळदीचा हंगाम सुरू झाला की बऱ्याच मुलांच्या आया मजुरीला जातात. सभेच्या नोंदवहीवर त्या सही करतात तेव्हा कागदाला पिवळा डाग पडतो.

कित्येक वर्षे ही सभा म्हणजे फक्त सह्यांचे काम होते. आम्ही इतिवृत्त आधीच लिहून ठेवायचो. आया यायच्या, चहा घ्यायच्या, सही किंवा अंगठा करून जायच्या. एकदा मी सभेत तक्रारीच्या सुरात म्हणालो की, सहावी-सातवीच्या मुली महिन्यात चार-पाच दिवस हमखास गैरहजर असतात, घरच्यांनी लक्ष द्यावे. मागच्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम पूछते लडकी कायको नहीं आती. पहले ये बोलो, संडास में पानी है क्या?"

पाणी नव्हते. नळ होता, पण कोरडा. मी मान खाली घातली. घरी येऊन हजेरीपट पुन्हा पाहिला, तर गैरहजेरीचे कोडे समोरच सुटलेले होते. बीएडच्या अभ्यासक्रमात मी मोठमोठ्या शिक्षणतज्ज्ञांचे विचार पाठ केले होते. हजेरीपट कसा वाचायचा हे मला त्या बाईंनी शिकवले.

पुढच्या आठवड्यापासून सहा-सात आयांनी पाळी लावून घेतली. कामावर जाताना प्रत्येकीने दोन घागरी पाणी शाळेत टाकायचे. काही दिवसांनी वर्गात पत्र्याचा एक डबा आला. ज्याला जमेल त्याने त्यात पाच-दहा रुपये टाकायचे आणि त्यातून कोणाची चप्पल, कोणाची वही, कोणाची कंपासपेटी आणायची. एक सहकारी म्हणाले, "हे फार नवीन सुरू केलेत तुम्ही." मला ते नवीन वाटले नाही. आपल्या महाराष्ट्रात शाळा उभी राहिली तीच मुळी अशा घागरींवर आणि मुठींवर. तोच इतिहास आज थोडक्यात सांगावासा वाटतो.

सुरुवात पुण्यापासून करू. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. या कामामुळे १८४९ मध्ये त्यांना घर सोडावे लागले, तेव्हा गंज पेठेतील उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात जागा दिली. त्याच घरातल्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या कामात सोबत राहिल्या. १८५६ मध्ये आजारपणामुळे माहेरी, नायगावला असताना सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात या फातिमाचा उल्लेख आहे. आपण या घटनेकडे बहुधा हिंदू-मुस्लिम ऐक्याचे उदाहरण म्हणून पाहतो. ते आहेच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. शाळेला पुस्तकांआधी छप्पर लागते आणि ते छप्पर मोहल्ल्यातल्या एका माणसाने दिले.

१८७७ च्या दुष्काळात फुले दांपत्याने पुण्याजवळ धनकवडी येथे बालाश्रम चालवला आणि भुकेल्या मुलांच्या जेवणाची सोय केली. उपाशी मुलापुढे अक्षर ठेवून उपयोग नाही, हे त्यांना कोणत्याही सरकारी योजनेच्या आधी कळले होते.

गरीब विद्यार्थ्याला जेवू घालण्याची रीत आपल्याकडे त्याहूनही जुनी आहे. ब्राह्मण समाजात गरीब मुले वार लावून जेवत, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. माधुकरी मागून शिकलेली कितीतरी मंडळी पुढे नावारूपाला आली. आपल्या मशिदींच्या मकतबांतही हेच चालत आले आहे. शिकवणाऱ्या हाफिजजींचे आणि बाहेरगावच्या मुलांचे जेवण घराघरांतून बारीने येते. १८६६ मध्ये देवबंदचा मदरसा सुरू झाला. मौलाना कासिम नानोतवी यांनी त्यासाठी आठ उसूल लिहून ठेवले. त्यातला पहिला उसूल वर्गणीबद्दल आहे आणि दुसराच उसूल विद्यार्थ्यांच्या जेवणाबद्दल आहे. ते जेवण चालू राहावे, शक्यतो वाढावे, यासाठी हितचिंतकांनी सतत झटावे, असा त्याचा आशय. अलीगढमध्ये १८९० साली साहबजादा आफताब अहमद खान यांनी 'अंजुमन-उल-फर्ज' स्थापन केली. तिचे सदस्य गावोगाव फिरून गरीब विद्यार्थ्यांसाठी पैसे गोळा करत. देवबंद आणि अलीगढ यांचे रस्ते वेगळे होते, पण गरीब मुलाच्या पोटाचा आणि फीचा प्रश्न दोघांनीही टाळला नाही.

या जुन्या रीतीला एक मर्यादा मात्र होती. वार लागायचे ते आपल्या जातीच्या घरी. मकतबचे जेवण आपल्या जमातीच्या मुलांसाठी. ज्याच्या जातीत कोणाचीच चूल नीट पेटत नव्हती, त्या मुलाने कुठे जावे?

याचे एक उत्तर कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी दिले. १९०१ पासून त्यांनी वेगवेगळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा आणि पैसा दिला. १९०६ मध्ये मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था उभी राहिली आणि मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. पण हा राजाचा हात होता. राजा नसेल तिथे काय करायचे, याचे उत्तर कर्मवीर भाऊराव पाटील यांनी शोधले.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह निघाले. तिथे सगळ्या जातीधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव मिळाले. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुष्टिफंडाची आठवण मात्र कमी काढली जाते. घरातल्या बाईने रोज दळायला बसण्याआधी मूठभर धान्य बाजूला ठेवायचे आणि ते साठले की बोर्डिंगच्या मुलांसाठी द्यायचे, अशी ती साधी योजना. धनिकाच्या हजार रुपयांपेक्षा या मुठीचे मोल वेगळे होते. ती देणारी बाई स्वतः गरीब होती. तिच्या मुठीतली भाकरी कोणत्या जातीचा मुलगा खाईल, हे तिला ठाऊक नसायचे. वार लावून जेवण्यात जी भिंत होती, ती इथे पडली.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. हिंगोली १ मे १९९९ रोजी जिल्हा झाला. त्याआधी तो परभणी जिल्ह्याचा भाग होता आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हिंगोलीत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. राज्याचा कारभार उर्दूत चाले आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. म्हणून अनेकांना वाटते की इथला मुसलमान तेव्हा शिकलेला असणार. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. दफ्तरातली उर्दू अहलकारांची होती. शेतावर राबणारा, पिंजारी, कसाई, तांबोळी घरात दखनी बोलायचा आणि सहीच्या जागी अंगठा लावायचा. शेजारच्या मराठी शेतकऱ्याच्या मुलाला आपल्या भाषेची शाळा मिळत नव्हती, तर गरीब मुसलमानाच्या मुलाला 'आपल्या' भाषेची शाळा असूनही तिथवर पोहोचता येत नव्हते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारख्या आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरीसारख्या खासगी शाळा लोकांच्या आधारावर उभ्या राहिल्या, त्या याच काळात. स्वामी रामानंद तीर्थ हे या दोन्ही शाळांतले शिक्षक होते.

माझे अब्बा १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट सांगतात तेव्हा त्यात सुकडी हमखास येते. खडी फोडणाऱ्या मजुरांना आणि शाळेतल्या मुलांना ती मिळायची. अब्बा म्हणतात, "सुकडीमुळे आम्ही शाळेत टिकलो." त्याआधी १९५६ मध्ये तमिळनाडूत, तेव्हाच्या मद्रास राज्यात, मुख्यमंत्री कामराज यांनी शाळेत दुपारच्या जेवणाची योजना सुरू केली होती. तिची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. खर्चाचा एक वाटा गावकऱ्यांनी उचलायचा, उरलेला सरकारने. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ती मोठ्या प्रमाणावर सरकारी जबाबदारी केली. देशपातळीवर १५ ऑगस्ट १९९५ रोजी योजना आली. आपल्याकडे तेव्हा शिजवलेले अन्न मिळत नसे. ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचे. माझा धाकटा भाऊ ती पिशवी डोक्यावर घेऊन यायचा आणि अम्मी ते तांदूळ निवडत बसायची. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की मुलांना शिजवलेले अन्नच द्यावे. त्यानंतर आपल्या शाळांत खिचडी शिजू लागली. शिजवणाऱ्या हातांत अनेक ठिकाणी बचत गटाच्या बाया, म्हणजे मुलांच्या आयाच होत्या.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्याच पाहिजेत. शाळेचा विकास आराखडा बनवणे आणि अनुदान कुठे खर्च होते ते पाहणे, हे या समितीचे काम आहे. याचा अर्थ असा की, ज्या बाईंनी मला पाण्याबद्दल विचारले त्या विनंती करत नव्हत्या. कायद्याने दिलेले काम करत होत्या. आम्हीच त्यांना सहीपुरते बोलावत होतो.

या साऱ्या इतिहासाचे सूत्र मला असे दिसते. आधी मूठ येते, मग मागणी, मग कायदा. भुकेले मूल कायद्याची वाट पाहू शकत नाही, म्हणून मूठ आधी. पण मूठ देणाऱ्यांनी मागणी सोडली, तर मूठच कायमची व्यवस्था होऊन बसते. जोतीरावांनी बालाश्रम चालवला आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे, वयाच्या बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणीही केली. शेतकऱ्याकडून कर घेता तर तो त्याच्या मुलांवर खर्च करा, हे त्यांचे म्हणणे. एक हात देण्यासाठी आणि दुसरा मागण्यासाठी, असे त्यांचे काम होते.

हा दुसरा हात आज आखडला जातोय, याची मला काळजी वाटते. आम्ही पाण्यासाठी अर्ज घेऊन गेलो तेव्हा एका कार्यालयात ऐकायला मिळाले, "लोकसहभागातून करून घ्या की." लोकसहभाग हा चांगला शब्द आहे. पण दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्या बाईने डोक्यावरून पाणी आणायचे आणि त्याला लोकसहभाग म्हणून अहवालात लिहायचे, हे मला पटत नाही.

गणवेशाचेही असेच. सरकारी शाळेत सर्व मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना मोफत गणवेश मिळायचा. बाकीच्या मुलग्यांना नाही. आमच्या वर्गात एकाच बाकावर एक मुलगा नव्या कपड्यात आणि दुसरा भावाच्या जुन्या शर्टात बसायचा. दुसऱ्याचे वडीलही हमालच, फक्त नाव यादीत नव्हते. आयांच्या डब्यातून अशा मुलांचे कपडे शिवले गेले. २०२३-२४ पासून राज्याने उरलेल्या मुलांनाही गणवेश लागू केला, तेव्हा डब्यावरचा एक भार उतरला. असाच एकेक भार उतरत गेला पाहिजे.

आपल्या समाजासाठी एक गोष्ट. रमजानमध्ये जकात निघते आणि ती बहुधा मदरशांकडे जाते. जावी, माझी हरकत नाही. पण मोहल्ल्यातल्या सरकारी शाळेत आपलीच नव्वद-शंभर मुले बसतात, त्यांच्याकडेही पाहा. आमच्या आयांना प्रश्न पडला होता की, डब्यात जकात चालेल का? शाळेत शिपाईकाकांची दोन गैरमुस्लिम नातवंडेही येतात. तेव्हा एका वृद्ध आजींनी सोपा मार्ग काढला. त्या म्हणाल्या, डब्यात जकात नको, लिल्लाह टाका, मग कोणाला द्यायचे याचा हिशेबच उरत नाही. मुष्टिफंडातल्या बाईपेक्षा हे वेगळे काय आहे?

आणखी एक नियम त्यांनीच केला. मदत घेणाऱ्या मुलाचे नाव वर्गात घ्यायचे नाही, फोटो काढायचा नाही. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, ही शिकवण आपण सगळेच ऐकतो. चपलेचा जोड देताना मोबाईल बाहेर काढणाऱ्यांनी ती आठवावी.

पाण्याचे काय झाले, ते सांगून थांबतो. समितीने ठराव केला. या वेळी इतिवृत्त आधी लिहिलेले नव्हते. अर्जावर सगळ्या आयांच्या सह्या होत्या. अर्ज तीनदा परत आला, चौथ्यांदा घेतला गेला. दुसरा उन्हाळा उलटल्यावर शाळेच्या छतावर टाकी बसली आणि नळाला पाणी आले. सहावी-सातवीच्या मुलींची हजेरी आता इतरांसारखीच भरते.

त्या दिवशी मी त्या बाईंना म्हटले, "आपा, अब घागर लाने की जरूरत नहीं." त्या म्हणाल्या, "घागर नहीं लाती सर. पर मीटिंग में आऊंगी."