मुलांच्या कपाटातील आशिया : शोध आणि संग्रह

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसराला वाचनालयांची जुनी परंपरा आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले. याच परिसरातील गृहसंकुलांत मराठी, गुजराती, तमिळ, मल्याळी, सिंधी कुटुंबे शेजारी शेजारी राहतात. मुलांच्या कपाटात मात्र हा शेजार क्वचितच दिसतो. एका बाजूला मराठी बोधकथा व चरित्रे, दुसऱ्या बाजूला इंग्रजीतील ब्रिटिश-अमेरिकी मालिका. मधला आशिया रिकामा राहतो. अशी पुस्तके मराठीत नाहीत असे नव्हे. 'अनुवादित', 'किशोर' अशा मोघम वर्गांत ती विखुरलेली असल्याने हाती लागत नाहीत.

काय उपलब्ध आहे?

सर्वांत परिचित उदाहरण 'तोत्तोचान'चे. तेत्सुको कुरोयानागी यांचे हे जपानी पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले. त्याचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने प्रकाशित केला. रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरणारी आणि १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालेली तोक्योतील तोमोए शाळा हा त्याचा विषय. रोज लोकलचे डबे पाहणाऱ्या मुलाला ही शाळा परकी वाटत नाही. सत्यजित राय यांच्या फेलूदा कथा अशोक जैन यांच्या अनुवादातून, रोहन प्रकाशनामार्फत मराठीत आल्या. बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेत एकच पुस्तक अनेक भारतीय भाषांत निघते. चेन्नईच्या 'तूलिका'ची इंग्रजी-मराठी द्वैभाषिक चित्रपुस्तके लहान मुलांसाठी उपयुक्त आहेत. प्रथम बुक्सच्या, २०१५ साली सुरू झालेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावरील गोष्टी विनामूल्य उतरवून घेता येतात.

शोध कसा घ्यावा?

देशाच्या नावाने शोध घेतल्यास फारसे हाती लागत नाही. अनुवादकाच्या व प्रकाशकाच्या नावाने घ्यावा. एक चांगला अनुवाद मिळाला की त्याच अनुवादकाची इतर पुस्तके पाहावीत. साहित्य अकादमी २०१० पासून २४ भाषांतील बालसाहित्याला पुरस्कार देते. त्या याद्यांतून शेजारच्या भाषांतील लेखकांची नावे कळतात. त्या नावांवरून मराठी अनुवाद झाला आहे का, हे ग्रंथपालांना विचारावे.

निवड करताना केवळ लोककथांवर थांबू नये. राजा, राक्षस आणि पंखे एवढ्यावरच जपान किंवा चीन संपत नाही. आजच्या मुलांची शाळा, घर, भांडणे ज्यांत आहेत, अशी पुस्तकेही हवीत. चित्रांतील पोशाख, घरे व अक्षरे त्या त्या प्रदेशाची आहेत का, हेही पाहावे.

संग्रह टिकविणे

अनुवादाचे हक्क बहुधा ठरावीक मुदतीचे असतात आणि मराठी बालपुस्तकांच्या आवृत्त्या लहान असतात. मुदत संपली की पुनर्मुद्रण होईलच असे नाही. त्यामुळे पुस्तक दिसताच घेणे श्रेयस्कर. बालविभागातील प्रती लवकर फाटतात व बाद होतात. ती प्रत परिसरातील शेवटची नाही ना, याची खात्री ग्रंथालयांनी आधी करून घ्यावी. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तक आदान-प्रदानाचे उपक्रम भरविले आहेत. अशा ठिकाणी जुन्या प्रती मिळू शकतात.

घरच्या संग्रहालाही एक वही असावी. तीत मूळ नाव, मूळ भाषा, लेखक, अनुवादक, प्रकाशक व वर्ष, तसेच अनुवाद मूळ भाषेतून केला आहे की इंग्रजीवरून, याची नोंद ठेवावी. संकुलातील चार-पाच कुटुंबांनी अशा वह्या एकत्र केल्या, तर एक छोटे वाचनालयच उभे राहते.

भारतीय भाषांनी एकमेकींना ओळखावे, हे साने गुरुजींचे आंतरभारतीचे स्वप्न होते. तमिळ शेजाऱ्याच्या मुलीने आपल्या भाषेतील गोष्ट सांगावी आणि मराठी मुलाने ती आपल्या कपाटात शोधावी, ही त्याची घरगुती सुरुवात ठरेल.